कडू कोणी खायचं?

२३ मे २००८. सिचुआनच्या भूकंपाला अकरा दिवस झाले होते. बेइच्वानची माध्यमिक शाळा कोसळून हजाराहून जास्त मुलं आणि शिक्षक गाडले गेले होते. वाचलेल्या मुलांचे वर्ग म्यानयांग शहरात एका कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात कसेबसे सुरू झाले होते. पंतप्रधान वेन जियाबाओ त्या दिवशी तिथे आले, मुलांशी बोलले, खडू उचलला आणि फळ्यावर चार चिनी अक्षरं लिहिली: 'दुओ नान शिंग बांग'. पुष्कळ संकटं सोसलेलं राष्ट्रच उभारी धरतं, असा त्याचा अर्थ.

वेन यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. भूकंप झाला त्याच दिवशी ते विमानाने सिचुआनला पोचले होते. लोक त्यांना 'वेन आजोबा' म्हणत, ते काही कोणी फर्मान काढलं म्हणून नव्हे. शिवाय चार अक्षरांची जुनी वचनं चिनी माणसाच्या जिभेवर असतातच. परीक्षा असो, लग्न असो नाहीतर मयत, प्रसंग आला की ती आपोआप बाहेर पडतात.

पण दोनच दिवसांनी, त्याच प्रांतातल्या म्यानझू शहराजवळ, एका प्राथमिक शाळेत दगावलेल्या मुलांचे आईबाप मुलांचे फोटो छातीशी धरून रस्त्यावर उतरले. शाळा भुईसपाट झाली आणि आजूबाजूच्या इमारती उभ्या राहिल्या, हे कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कम्युनिस्ट पक्षाचे शहर सचिव भर रस्त्यात गुडघे टेकून त्यांना परत फिरण्याची विनवणी करत होते. तो फोटो जगभर छापून आला. आईबाप थांबले नाहीत. कच्च्या बांधकामाला चीनमध्ये 'टोफूच्या चोथ्याचं बांधकाम' म्हणतात, आणि तो शब्द त्या दिवसांत सिचुआनमध्ये घरोघरी ऐकू येत होता. पुढे अनेक पालकांच्या हातात नुकसानभरपाई आणि गप्प राहण्याचा करार एकदमच ठेवले गेले. सरकारने वर्षभराने आकडा जाहीर केला: ५,३३५ विद्यार्थी मृत किंवा बेपत्ता. चंगडूचे तान झुओरेन या शाळांच्या बांधकामाचा स्वतंत्रपणे शोध घेत होते. त्यांना फेब्रुवारी २०१० मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोपपत्रात पुढे केलं होतं ते १९८९च्या तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडाबद्दलचं लिखाण. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला गेलेले कलावंत आय वेवे यांना पोलिसांनी हॉटेलात मारहाण केली. पुढे म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूतल्या रक्तस्रावावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच म्युनिकमध्ये एका कलादालनाच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी नऊ हजार दप्तरं लावली आणि त्या रंगीत दप्तरांतून एका आईचं वाक्य लिहिलं: ती या जगात सात वर्षं आनंदात राहिली.

आता फळ्यावरच्या त्या चार अक्षरांकडे पुन्हा बघा. ती मुळात आली कुठून?

'झुओझुआन' या प्राचीन इतिहासग्रंथात इ.स.पू. ५३८ची एक हकिगत आहे. जिन राज्याचा अधिपती फुशारकी मारतो: आमचा मुलूख दुर्गम आहे, घोडे मुबलक आहेत आणि छी आणि छू ही शेजारची राज्यं आपापल्या संकटांत गुरफटलेली आहेत, आम्हाला कसली भीती? त्याचा मंत्री त्याला जागच्या जागी अडवतो. डोंगरांवर, घोड्यांवर आणि शेजाऱ्याच्या अडचणींवर विसंबून राहणं हेच तीन धोके आहेत, असं तो म्हणतो. काही राज्यं पुष्कळ संकटांतून जाऊन मजबूत झाली, काही राज्यांवर एकही संकट आलं नाही आणि तरी ती बुडाली, तेव्हा राज्यकारभार नीट कर, दुसऱ्याच्या संकटाचा हिशेब मांडत बसू नकोस. मूळ वचन हे असं आहे. मंत्र्याने राजाचे कान उपटले, ते वाक्य अडीच हजार वर्षांनी पंतप्रधानाने भूकंपातून वाचलेल्या शाळकरी मुलांसमोर फळ्यावर लिहिलं.

माझं म्हणणं एवढ्यातच आलं. सोसण्याबद्दलची चिनी वचनं थोर आहेत, आणि वाईट दिवसांत त्यांचा आधार घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती कोण कोणाला सांगतंय हे आधी बघावं. यांतली बरीचशी थोर वचनं मुळात वरच्याला उद्देशून आहेत. काळाच्या ओघात त्यांचं तोंड फिरवून ती खालच्याला ऐकवली जाऊ लागली आणि त्यांतला अर्धा ऐवज वाटेत गळून पडला.

गोऊजिआनचीच गोष्ट घ्या. चिनी शाळकरी पोरालाही ती पाठ असते. युए राज्याचा हा राजा इ.स.पू. ४९४ मध्ये वू राज्याच्या फूछायकडून हरला आणि त्याच्या दारी चाकरी करून परत आला. आल्यावर त्याने पित्ताशय समोर टांगून ठेवलं. बसता-उठता, जेवताना तो ते चाटायचा आणि स्वतःला विचारायचा, अपमान विसरलास का? पुढच्या शतकांत त्यात काटक्यांच्या अंथरुणाचीही भर पडली, पण सिमा छियानच्या इतिहासात आहे ते फक्त पित्त. इ.स.पू. ४७३ मध्ये त्याने वू राज्य संपवलं. जिद्दीची गोष्ट म्हणून आज कारखान्याचा व्यवस्थापक ती मजुरांना सांगतो, प्रशिक्षक खेळाडूंना सांगतो, बाप मुलाला सांगतो.

पण त्या मधल्या वर्षांत राज्यात काय चाललं होतं, तेही जुन्या ग्रंथांत आहे. राजा स्वतः शेतात राबायचा, राणी स्वतः विणायची, त्याच्या ताटात मांस नसायचं. दहा वर्षं प्रजेकडून कर घेतला नाही, त्यामुळे घरोघरी तीन वर्षं पुरेल एवढं धान्य साठलं. घरात मुलगा झाला तर सरकारकडून दोन सुरया मद्य आणि एक कुत्रा, मुलगी झाली तर दोन सुरया मद्य आणि एक डुकराचं पिल्लू. जुळी झाली तर सरकार अन्न पुरवायचं, तिळी झाली तर दाई द्यायचं. (मुलीलाही मद्य तेवढंच, हे मला विशेष आवडलं.) म्हणजे पित्त चाटलं ते राजाने, आणि प्रजेला मिळाली करमाफी. हा भाग काढून टाकला की उरतं ते एवढंच: पित्त चाटा, यश मिळेल. आणि चाटायला पुढे करायचा तो कामगार.

मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. 'आकाश जेव्हा एखाद्यावर मोठी जबाबदारी सोपवणार असतं, तेव्हा आधी त्याच्या मनाला यातना देतं, हाडं-स्नायू दमवतं, त्याला उपाशी ठेवतं', हा उतारा चीनमध्ये पिढ्यानपिढ्या मुलं घोकत आली. नोकरी नाही, घरभाडं थकलंय, अशा वेळी मित्र एकमेकांना हाच उतारा ऐकवतात, कधी मनापासून, कधी थट्टेने. त्याआधीच्या ओळी मात्र फारसं कोणी ऐकवत नाही. त्यांत मेन्शियस माणसांची यादी देतो: शुन शेतातून वर आला, फू युए भिंती बांधणाऱ्या गवंड्यांतून, ज्याओ ग मासे-मीठ विकणाऱ्यांतून, बाइली शी बाजारातून. हे सगळे पुढे राजे किंवा प्रधान झाले. राज्य करायला बसणाऱ्याने आधी उपाशी राहून बघितलेलं असावं, हा त्या उताऱ्याचा रोख आहे. उपाशी असलेल्या प्रत्येकाला पुढे राज्य मिळेल, असं मेन्शियस कुठेच म्हणत नाही.

आणि सामान्य माणसाच्या उपासमारीबद्दल हाच मेन्शियस काय म्हणतो? लियांगच्या हुइ राजाला तो तोंडावर सुनावतो: कुत्री-डुकरं माणसांचं अन्न खातायत आणि तू आवर घालत नाहीस, रस्त्यावर भुकेने मेलेली माणसं पडलीत आणि तू कोठारं उघडत नाहीस. माणसं मेली की म्हणतोस, माझा दोष नाही, साल वाईट आलं. एखाद्याला भोसकून मारायचं आणि म्हणायचं, मी नाही मारलं, हत्याराने मारलं, यात आणि तुझ्या बोलण्यात फरक काय? राजाने सालावर खापर फोडणं थांबवावं. त्याच पुस्तकात तो हेही सांगतो की ज्याला स्थिर पोटापाण्याचं साधन नाही त्याच्याकडून स्थिर मनाची अपेक्षा धरता येत नाही. मन खंबीर करा म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याने हे वाक्य स्वतःच्या टेबलावर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या 'चिनी म्हणी' यात कुठे बसतात? स्पर्धा परीक्षेच्या क्लासात, कंपनीच्या प्रेरणादायी सत्रात, सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'एक चिनी म्हण आहे' असं म्हणून जे येतं, त्यातलं कितीतरी चिनी नसतंच. मोठेपणा कधी न पडण्यात नाही, पडल्यावर उठण्यात आहे, हे कन्फ्यूशियसच्या नावावर फिरतं. ते लिहिलं ऑलिव्हर गोल्डस्मिथ या आयरिश लेखकाने, १७६०च्या सुमारास लंडनच्या एका वृत्तपत्रात, एका काल्पनिक चिनी प्रवाशाच्या तोंडून. अंधाराला शिव्या देण्यापेक्षा एक दिवा लावा, हे १९०७ मध्ये छापलेल्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या प्रवचनात सापडतं. सातदा पडा, आठव्यांदा उठा, ही म्हण जपानी आहे. खोटी वंशावळ ही काही मोठी तक्रार नव्हे, वाक्य चांगलं असेल तर कोणाचं का असेना. तक्रार वेगळी आहे. या वाक्यांत फक्त एकटा माणूस आहे. तो पडतो, तो उठतो, तो दिवा लावतो. त्याला ढकललं कोणी, वीज कोणी तोडली, हे विचारायला त्यात जागाच नाही. खऱ्या जुन्या चिनी वचनांत राजा असतो, कोठार असतं, कर असतो, साल असतं. आणि चिनी लोकांनी संकटाला डोक्यावर घेऊन नाचवलं, असंही नाही. फंग मंगलोंगने १६२७ मध्ये छापलेल्या कथांत एक लोकवचन आहे: धामधुमीतला माणूस होण्यापेक्षा सुखाच्या काळातलं कुत्रं व्हावं. ज्यांनी खरंच सोसलं, ते असं बोलतात.

मे २०२३ मध्ये शी जिनपिंग यांनी चीनच्या कृषी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं. ही मुलं खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांबरोबर राहत होती, आपणहून कष्ट ओढवून घेत होती. पत्र कौतुकाचं होतं आणि त्या मुलांना ते शोभूनही दिसलं. पण सरकारी माध्यमांनी लगोलग सगळ्याच तरुणांना 'कडू खायला' सांगायला सुरुवात केली. चिनी भाषेत कष्ट सोसण्याला कडू खाणं म्हणतात आणि 'कडू खाऊ शकणारा' ही आजही नोकरीच्या जाहिरातीतली अट असते. शी स्वतः १९६९ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, शान्शी प्रांतातल्या लियांगजियाहे गावी गेले आणि सात वर्षं गुहेवजा घरात राहिले. त्यामुळे त्यांना हे बोलण्याचा अधिकार नाही असं कोण म्हणेल?

अधिकार आहे, पण त्याच वर्षीचे आकडेही आहेत. २०२३ मध्ये १ कोटी १५ लाखांहून जास्त पदवीधर बाहेर पडले. जूनमध्ये शहरांतल्या १६ ते २४ वयोगटातली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली. ऑगस्टमध्ये सांख्यिकी कार्यालयाने हा आकडा प्रसिद्ध करणंच थांबवलं. पुढच्या जानेवारीत तो परत आला तेव्हा त्यातून शिकणारी मुलं वगळलेली होती आणि तो १४.९ टक्के झाला होता. 'साल वाईट आलं' म्हणणाऱ्या हुइ राजापेक्षा ही पुढची पायरी झाली, कारण इथे सालच खोडून टाकलं.

तरुणांनी यावर जे उत्तर दिलं ते २०२१ मध्येच दिलं होतं: आडवं पडून राहणं. लग्न नको, घर नको, जास्तीचं काम नको, लागेल तेवढंच कमवायचं. ग्वांगडोंगच्या पक्षाच्या वृत्तपत्राने ही लाजिरवाणी गोष्ट असल्याचं लिहिलं. त्याआधी २०१९ मध्ये अलीबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबायला मिळणं हे भाग्य असल्याचं म्हटलं होतं. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच ती पद्धत बेकायदा ठरवली. आडवं पडणं हा काही जगण्याचा मार्ग आहे असं मला वाटत नाही. पण आळस म्हणून त्याची बोळवण करणाऱ्याने आधी सांगावं की जे कडू खायचं, ते खाल्ल्यावर ताटात पुढे काय येणार आहे.

इथे एक आक्षेप खराच वजनदार आहे. चीन उभा राहिला तो कष्टांवरच ना? आज सुमारे ३० कोटी स्थलांतरित मजूर आहेत. गावात मुलं म्हाताऱ्या आजीआजोबांजवळ ठेवून शहरात बारा-बारा तास राबलेल्या त्या पिढीने जे केलं, त्याला सलामच केला पाहिजे. पण निव्वळ कष्टाने देश वर येत असता, तर तो १९५९ मध्येच वर आला असता, कारण तेव्हा लोक काही कमी कष्ट करत नव्हते. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत दीड कोटी ते साडेचार कोटींच्या दरम्यान माणसं भुकेने मेली, असे वेगवेगळे अंदाज आहेत. या काळाला सरकारी नाव होतं 'तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ती'. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची आपल्या हूनान प्रांतातल्या गावी गेले तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांना वेगळाच हिशेब सांगितला: तीन हिस्से आभाळाचा कोप, सात हिस्से माणसांची करणी. जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या सभेत लिऊंनी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांचे हाल झाले आणि १९६९ मध्ये काइफंगला कैदेतच ते वारले. त्या एका वाक्यासाठीच हे झालं असं नाही, पण ते वाक्य विसरलं गेलं नव्हतं. मेन्शियसने राजाला जे सांगितलं, तेच हूनानच्या शेतकऱ्याने राष्ट्राध्यक्षाला सांगितलं. ही परंपरा आहे, आणि पोथीतल्यापेक्षा जास्त जिवंत आहे.

तेच आन्हुई प्रांतातल्या फंगयांग तालुक्याचं. ढोल वाजवत भीक मागत हिंडणाऱ्यांसाठी हा भाग शेकडो वर्षं प्रसिद्ध. तिथल्या श्याओगांग गावात १९७८च्या हिवाळ्यात अठरा शेतकरी रात्री एका झोपडीत जमले आणि सामुदायिक शेती गुपचूप आपसांत वाटून घ्यायचा करार त्यांनी केला. कागदावर अंगठे उठवले. करारात एक कलम असं होतं की म्होरके पकडले गेले, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. पुढच्याच हंगामात धान्य कित्येक पटींनी वाढलं. माणसं तीच, जमीन तीच, घाम तोच. बदलल्या त्या अटी. सोसण्याची ताकद त्या अठराजणांकडे आधीपासून होतीच, आणि तिने त्यांना वीस वर्षं फक्त भीक मागत ठेवलं होतं. धाडस त्यांनी दाखवलं ते सोसायचं थांबवण्यासाठी. आज तो कागद चीनच्या आर्थिक सुधारणांच्या इतिहासात मानाने दाखवला जातो, पण प्रेरणादायी व्याख्यानांत मी त्याचा उल्लेख फारसा ऐकलेला नाही.

वरून आलेलं प्रत्येक वचन खोटंच असतं, असं मात्र नाही. म्हाताऱ्या मूर्खाने डोंगर हलवायला घेतल्याची कथा माओंनी ११ जून १९४५ ला येनानमध्ये पक्षाच्या अधिवेशनात सांगितली, तेव्हा बोलणारा आणि ऐकणारे एकाच गुहेवजा वस्तीत राहत होते, एकच बाजरी खात होते. तिथे 'आपण खणू' हे खरं होतं. वीस वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीत तेच भाषण कोट्यवधी लोकांकडून पाठ करून घेतलं गेलं, तेव्हा सांगणारा राजवाड्याच्या आवारात होता. सोबत पाठ करायचा आणखी एक लेख होता चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्यावरचा. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी सांभाळली आणि डिसेंबर १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. कोटणीस तिकडे धीर द्यायला गेले नव्हते, शस्त्रक्रिया करायला गेले होते.

मग धीर देणाऱ्या वचनांना जागाच नाही का? आहे. कर्करोगाच्या वॉर्डात बसलेल्या माणसाला व्यवस्थेचं विश्लेषण नको असतं, रात्र काढायची असते. 'हिरवा डोंगर शाबूत आहे तोवर सरपणाची चिंता नाही', हे चिनी आई नोकरी गमावलेल्या मुलाला सांगते, तेव्हा तिच्या स्वरात तेच असतं जे आपल्याकडे 'शिर सलामत तर पगडी पचास' म्हणणाऱ्या आईच्या स्वरात असतं. ती त्याच घरात राहते, त्याच पगारावर तिचीही चूल पेटते.

सीमेवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, निदान घोड्यापुरती तरी. इ.स.पू. १३९ मध्ये सम्राटाला सादर झालेल्या 'ह्वायनानझी' ग्रंथात ती आहे. घोडा पळाला, लोक हळहळले, म्हातारा म्हणाला, कशावरून हे चांगलं नसेल? घोडा आणखी घोडे घेऊन आला, लोक हरखले, म्हातारा म्हणाला, कशावरून हे वाईट नसेल? मुलगा पडून पाय मोडला. मग युद्ध आलं, धडधाकट तरुण लढायला गेले, दहातले नऊ मेले, लंगडा मुलगा वाचला. या गोष्टीत माझं लक्ष एका साध्या गोष्टीकडे जातं. म्हातारा जे बोलतो ते स्वतःच्या घोड्याबद्दल आणि स्वतःच्या मुलाच्या पायाबद्दल. त्या मेलेल्या नऊजणांच्या आयांच्या दारात जाऊन तो 'कशावरून हे चांगलं नसेल' असं म्हणत नाही. म्हणाला असता तर लोकांनी त्याला झोडपलं असतं, आणि योग्यच केलं असतं.

आपण आपल्याला दिलेला धीरही दरवेळी भला असतो असं नाही. हे चीनमध्ये लू शुन या लेखकाने १९२१-२२ मध्ये दाखवून दिलं. त्याच्या कथेतला आ क्यू गावगुंडांचा मार खातो आणि मनात म्हणतो, पोराने बापाला मारलं म्हणायचं, काय हे दिवस आले! आणि जिंकल्याच्या आनंदात निघून जातो. शेवटी त्याला न केलेल्या दरोड्यासाठी मारायला नेतात. कबुलीजबाबावर सहीऐवजी वर्तुळ काढायला सांगतात तेव्हा त्याला वाईट वाटतं ते एवढंच, की वर्तुळ नीट गोल आलं नाही. धीर कुठे संपतो आणि आ क्यू कुठे सुरू होतो, हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. ज्या वचनाने रात्र निघते आणि सकाळी माणूस प्रश्न विचारायला उठतो, ते वचन ठेवावं. ज्याने सकाळचा प्रश्नच विरघळतो, ते कितीही जुनं असलं तरी सोडावं.

हे दोन्ही एकाच शहराने, एकाच खिडक्यांतून, अवघ्या काही आठवड्यांत करून दाखवलं. कोरोनामुळे वुहान २३ जानेवारी २०२० ला बंद झालं. २७ तारखेच्या रात्री उंच इमारतींच्या खिडक्या उघडल्या आणि अंधारात एकमेकांना न दिसणारी माणसं ओरडू लागली: 'वुहान, जिआयोउ!' खेळाडूला जोर चढावा म्हणून प्रेक्षक ओरडतात तो हा शब्द. कोणी राष्ट्रगीत म्हणत होतं, कोणी नुसतंच ओरडत होतं. त्याच दिवसांत जपानहून मदतीची खोकी आली. त्यांवर आठव्या शतकातल्या जपानी राजपुत्र नागायाच्या ओळी छापल्या होत्या: डोंगर-नद्या वेगळ्या, वारा-चंद्र एकाच आभाळाखालचे. नागायाने त्या ओळी चिनी भिक्षूंना पाठवलेल्या वस्त्रांवर भरतकामात घातल्या होत्या आणि त्या वाचून ज्यानझेन हा भिक्षू जपानला जायला निघाला, पाच वेळा फसला, डोळे गमावून बसला आणि सहाव्या वेळी पोचला. चीनमध्ये त्या खोक्यांचे फोटो लाखो लोकांनी पाहिले. ओळींखाली मास्क होते, हे महत्त्वाचं. नुसत्या ओळी आल्या असत्या तर कोणी विचारलं नसतं.

मग ७ फेब्रुवारीला डॉ. ली वेनलियांग गेले. नव्या आजाराबद्दल सहकाऱ्यांना सावध केलं म्हणून ३ जानेवारीला पोलिसांनी ज्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेतली होती, तेच हे नेत्रतज्ज्ञ. त्या रात्री आणि नंतर चिनी इंटरनेटवर एक जुनं वचन फिरत राहिलं: लोकांचं तोंड बंद करणं हे नदी अडवण्यापेक्षा घातक. झोऊ घराण्याच्या ली राजाला त्याच्या सरदाराने हे सांगितलं होतं. राजाने ऐकलं नाही आणि इ.स.पू. ८४१ मध्ये लोकांनी त्याला पळवून लावलं. लोकांना कठीण काळात कोणतं वचन आठवतं, हे बघण्यासारखं असतं. पित्त चाटणारा राजा त्यांना त्या रात्री आठवला नाही.

५ मार्चला उपपंतप्रधान सुन छुनलान वुहानच्या एका वसाहतीची पाहणी करायला आल्या. भाजीपाला घरपोच मिळतोय, असं दाखवायची तयारी वसाहतीच्या व्यवस्थापनाने केली होती. वरच्या खिडक्या उघडल्या आणि लोक ओरडू लागले: 'खोटं आहे! सगळं खोटं आहे!' भाजी महाग मिळत होती, तीही पुरेशी नव्हती. जे होतं आणि जे दाखवलं जात होतं त्यात फरक होता, आणि तो खाली उभ्या असलेल्यांना ऐकू गेला. दुसऱ्याच दिवशी शहराच्या पक्ष सचिवांनी वुहानच्या लोकांना कृतज्ञतेचं शिक्षण देण्याची गरज असल्याचं म्हटलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच्या बातम्या गुपचूप काढून टाकल्या गेल्या. १० मार्चला शी जिनपिंग स्वतः वुहानला आले. इतके दिवस कोंडून राहिल्यावर लोक मनातलं बोलून दाखवणारच, ते समजून घ्या, सहन करा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की वुहानच्या माणसाला जिवंत मासे आवडतात, जमेल तितका त्यांचा पुरवठा वाढवा.